घरची गाठ

चिंचवड, ता. ११ नोव्हेंबर १९५६

श्रीमती शालनबाई, मिशन शाळा, बोरखेडी, जि. अहमदनगर, यांस
भिमाजी कोंडाजी परीट याचा सा. न. वि. वि.

माझ्या चिठ्ठीला आपले कार्ड दसऱ्याच्या आधी आले आणि मी उत्तर लिहितो आहे दिवाळी उलटल्यावर. ह्या उशिराची आधी माफी मागतो. रोज लिहायला बसत होतो आणि रोज उठत होतो. माझे शिकणे मराठी चौथीपर्यंत, त्यातही चौथी अर्धी. मास्तरीणबाईंना पत्र लिहायचे म्हणजे चुका किती होतील ह्याची धास्ती वाटते. त्या काढत बसू नये ही विनंती.

आपण विचारले की तुम्ही कोण, माझे नाव कोणी सांगितले आणि लेस किती आहेत. मी जातीने व धंद्याने परीट. बाप आणि मी मिळून चाळीस वर्षे खडकीच्या साहेब लोकांचे कपडे धुतले. आपले नाव खडकीच्या दवाखान्यातील जुन्या नर्सबाईंनी सांगितले. त्या म्हणाल्या, लेसमधले कळणारे माणूस आता एवढेच राहिले आहे.

लेस लहानमोठ्या त्रेचाळीस आहेत. कॉलरी आहेत, बाह्यांच्या किनारी आहेत, बाळाच्या टोपीची आहे. चोरीची एकही नाही. हे आधीच लिहितो, कारण लोक पहिले तेच विचारतात. मड्डमा फाटलेली लेस "फेक" म्हणून द्यायच्या. माझ्याने फेकवत नसे. साहेब लोक गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतले सामान खडकी बाजारात युनूस जुनेवाल्याकडे आले. तो माझ्यासाठी झालरी बाजूला काढून ठेवतो आणि वर म्हणतो, "बाबा, तुमच्या वयाची माणसं माळ ओढतात, तुम्ही मड्डमच्या झालरी ओढता." हसतो, पण ठेवतो.

यंत्राची लेस मी घेत नाही. ओळखायला सोपे आहे. यंत्राची लेस ओली केली की सगळीकडून एकसारखी आखडते. हाताची कुठे घट्ट राहते, कुठे सैल पडते. करणारीचा हात ज्या दिवशी दमलेला होता, तो दिवससुद्धा पाण्यात आपल्या बोटांना लागतो.

आता अडचण लिहितो. माझा मुलगा सयाजी पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात लागला आहे. शिफ्टची नोकरी. त्याला क्वार्टर मिळणार आहे, दोन खोल्यांचे. सून सुमन म्हणते, "मामंजी, खाटेखाली एक तर ट्रंक ऱ्हाईल न्हाई तर मी." सून चांगली आहे, पण खाटेखाली तिचे धान्याचे डबे जायचे आहेत हेही खरे आहे. मला झोप नाही. ट्रंकेत उंदीर शिरेल, नव्या घराच्या भिंतींची ओल लागेल, मी मेलो तर ह्याची फडकी होतील. आपण पाहून सांगावे की कोणती ठेवण्यासारखी आहे आणि आपल्या शाळेला ह्यातले काही हवे आहे का.

दोन लेस नमुन्याला पाठवतो. पहिली गुलाबाची. दुसरी कॉलर आहे, तीवर पक्षी कणीस खातो आहे. मी तिला चाळीस वर्षे विलायती समजत आलो, पण हल्ली शंका येते. विलायतेत जोंधळा होतो का?

पार्सल पोचल्याचे कळवावे. टपालात हरवले तर मी काय करणार.

आपला,
भिमाजी


बोरखेडी, ता. २४ नोव्हेंबर १९५६

रा. भिमाजी परीट यांस
सलाम.

पार्सल पोचले. दोन्ही लेस सुखरूप आहेत. पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या सतरा चुका आहेत. आपण काढू नये म्हणालात म्हणून काढत नाही, मोजून घेतल्या मात्र.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजव्यात उतरतो आहे. तेव्हा लेस मी बोटांनीच पाहिली. पत्रे शाळेतली एक मोठी मुलगी वाचते आणि मी सांगते ते लिहिते. गुलाबाची परदेशी आहे, जुनी आणि उत्तम. ती टाकू नका. पक्ष्याची कॉलर आमच्या इथली. विलायतेत जोंधळा होत नाही.

आमच्या इथे मुली उशीवर कागद ताणत, कागदावरच्या भोकांत टाचण्या टोचत आणि दोरा गुंडाळलेल्या चाळीस-चाळीस कांड्या इकडून तिकडे फिरवून ही जाळी करत. कागद विलायतेतून येई. ह्या कागदावर पक्षी द्राक्षांचा घड खात होता. करणाऱ्या मुलीने द्राक्ष पाहिले नव्हते. पक्षी खातो ते कणीस, एवढे तिला ठाऊक होते. तिने कणीस केले. शिकवणाऱ्या गोऱ्या मिस साहेब रागावल्या. पुढे तीच कॉलर सगळ्यांत आधी खपू लागली, तेव्हा राग गेला.

आता शाळेत शिवणाची यंत्रे आली आहेत. लेस कोणी करत नाही. उशा माळ्यावर आहेत. मी शिकवणे सोडून सहा वर्षे झाली. इथल्या शाळेला लेस नको आहे. त्यांना पंखे हवे आहेत.

दोन गोष्टी विचारते. कॉलरीच्या टोकाशी एक बाभळीचा काटा अडकून राहिला आहे. लेस ताणायला सगळे टाचण्या लावतात. तुम्ही काटे का लावता? आणि अशा कॉलरींच्या कोपऱ्याला दोऱ्याचा तुकडा बांधलेला असे. तो तुम्हाला कधी दिसला का?

शालन


चिंचवड, ता. २ डिसेंबर १९५६

श्रीमती शालनबाई यांस
सा. न. वि. वि.

आपले पत्र तीनदा वाचले. द्राक्षाचे कणीस वाचून पुष्कळ दिवसांनी हसू आले. सुमनलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरं केलं पोरीनं. द्राक्षानं कुनाचं प्वाट भरतंय?"

काट्याबद्दल विचारले, त्याचे असे. टाचणी ओल्या लेसला गंज देते. गंजाचा ठिपका रिठ्याने जात नाही, लिंबाने जात नाही, जन्मभर जात नाही. म्हणून माझा बाप बाभळीचे वाळलेले काटे उकळून घ्यायचा आणि घोंगडीवर लेस पसरून टोकाटोकाला काटा रोवायचा. हे त्याचे स्वतःचे डोके, गावाकडे शेले-पागोटी ताणण्यापासूनचे. दुसऱ्या कोणा परटाचे मी पाहिले नाही. आपल्या पार्सलात काटा राहून गेला ही माझी चूक, माफ करावे. आपल्या बोटाला टोचला तर नाही ना?

आम्ही मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, पारनेरकडचे. एकोणीसशेच्या दुष्काळात गाव सोडले. आई, बाप आणि मी असे तिघे चालत निघालो आणि इथे पवनेच्या काठी थांबलो. तेव्हा मी अकरा वर्षांचा. पुढे बापाचे डोळे भट्टीच्या वाफेने आणि सोड्याने गेले. मग लेसचे काम मी आणि माझी बायको मंजुळा करू लागलो. खडकीला एक मड्डम होती, तिच्याकडे वर्षातून दोन-तीनदा मिशनची नवी लेस विकायला येई. ती विकण्याआधी धुऊन, खळ देऊन, ताणून द्यायचे काम आमचे. ती आपल्याच इथली होती हे आता कळते.

दोऱ्याची एक गंमतच सांगतो. परीट प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला खूण करतो. जाड कपड्याला बिब्ब्याची. लेसला बिब्बा चालत नाही, जळते, म्हणून पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी बांधायच्या. कोणाच्या तीन, कोणाच्या चार. कपडा द्यायच्या आधी खूण कापून टाकायची. आमच्या स्वतःच्या घरच्या कपड्यांचीही एक खूण होती. दोन गाठी जवळ आणि तिसरी बोटभर लांब. ती बापाची.

तर त्या मिशनच्या लेसला मंजुळा आमच्या घरचीच गाठ बांधायची! एकदा नाही, वर्षानुवर्षे. मी भितो माणूस. मड्डमने पाहिले तर म्हणेल, परटाने लेस आपल्या घरात ठेवून घ्यायला खूण केली. मी घाईघाईने कापायचो आणि मंजुळेवर ओरडायचो. ती म्हणायची, "म्या न्हाई बांधली. हा दोरा आपल्या घरातलाच न्हाई." मी म्हणायचो, "मग काय बाहेरचं भूत येऊन आपली गाठ बांधतंय?" ती खाली पडलेला केर उचलू लागायची. चार-पाच महिन्यांनी पुन्हा तेच. अशी आमची भांडणे. ती जाऊन नऊ वर्षे झाली.

तेव्हा आपण म्हणता तो दोरा म्हणजे काही नाही, परटाची खूण.

गुलाबाची टाकू नका म्हणालात, ते सयाजीला ऐकवले. क्वार्टरची किल्ली मकरसंक्रांतीच्या सुमारास मिळेल असे म्हणतात. बाकीच्या लेस पाठवू का?

आपला,
भिमाजी


(कार्ड)
चिंचवड, ता. १० जानेवारी १९५७

सा. न. वि. वि. माझे २ डिसेंबरचे पत्र पोचले की नाही कळले नाही. नाताळच्या कामात आपण असाल असे वाटले, म्हणून थांबलो. डोळ्याला जास्त त्रास आहे का? काट्याची जखम चिघळली नाही ना? बाभळीचा काटा वाईट. माझ्या लिहिण्यात काही कमीजास्त गेले असेल तर अडाण्याचे लिहिणे समजून पोटात घालावे. दोन ओळी पाठवाव्या.
भिमाजी


बोरखेडी, ता. २० फेब्रुवारी १९५७

रा. भिमाजी परीट यांस
सलाम.

दोन्ही पत्रे पोचली होती. काटा लागला नाही. लिहायला उशीर झाला, कारण लिहावे की नाही हे ठरत नव्हते.

तो दोरा तुमच्या बायकोने बांधला नव्हता.

दुष्काळात आमच्या मिशनच्या फाटकाशी पुष्कळ मुले ठेवून गेलेली होती. त्यांतली एक सात वर्षांची मुलगी. तिच्या बापाने फाटकाशी सांगितले, "चार दिवस ऱ्हा. खडी फोडायचं काम मिळालं की न्यायला येतो." चार दिवस, मग चार महिने, मग ती मोजायची राहिली. ती लेस शिकली. तिचा हात चांगला होता, कारण तिला लहानपणापासून नाजूक कापड हाताळायची सवय होती. ती परटाची मुलगी होती.

ती पंधरा-सोळा वर्षांची असताना पुण्याहून न खपलेली एक कॉलर परत आली. तिच्या टोकाशी बाभळीचा काटा होता. ओल्या कापडाला बाभळीचा काटा लावणारा जगात एकच माणूस तिला ठाऊक होता. मिस साहेबांना विचारले, धुणारा कोण? त्यांना माहीत नव्हते. खडकीची मड्डम कोणाला देते, एवढेच. मुलींना स्वतःचे पत्र बाहेर पाठवायची मोकळीक नव्हती. आणि पाठवले असते तरी वाचणार कोण?

तेव्हा तिने आपल्या पुढच्या कॉलरीला कोपऱ्यात लेसच्याच दोऱ्याने घरची गाठ बांधली. दोन जवळ, तिसरी बोटभर लांब. पत्र वाचता येणार नाही, पण ही गाठ घरच्या माणसाला वाचता येईल असे तिला वाटले.

अकरा वर्षे ती बांधत होती. तीस गाठी. जी कॉलर खपत नसे ती परत येई. ती आधी कोपरा पाही. दर वेळी गाठ कात्रीने साफ कापलेली असे. गळून पडलेली नव्हे, कापलेली. तिने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. ती ख्रिस्ती झाली हे घरी कळले, आणि घराने गाठ कापली. मग तिने बांधणे सोडले.

तुम्ही लिहिता, तिघे निघालो. ती मुलगी मोजताना चार मोजत असे.

बाकीच्या लेस पाठवू नका.

शालन


चिंचवड, ता. २४ फेब्रुवारी १९५७

शालनबाई यांस
हात जोडून नमस्कार.

आपले पत्र काल आले. वाचता वाचता मी ओट्यावरच बसलो. सुमनने विचारले, "कुनी गेलं का?" गेले म्हणू की आले म्हणू.

मी खोटे लिहिले. आम्ही चौघे निघालो होतो. ठकू माझी पाठची बहीण. तिचे नाव आमच्या घरात छप्पन्न वर्षे कोणी घेतले नाही, म्हणून माझ्या हातून तिघे लिहिले गेले. लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिले. परक्या बाईला कशाला सांगायचे, असे वाटले.

बाप न्यायला गेला होता. हे आपण त्या मुलीला सांगाच. चार दिवसांनी नाही, सोळा दिवसांनी. कारण खडीच्या कामावर आईला हगवण लागली आणि तिला सोडून जाता येईना. सोळाव्या दिवशी तो चालत फाटकाशी गेला. पहारेकऱ्याने विचारले, नाव काय? बाप म्हणाला, ठकू. पहारेकरी म्हणाला, "पटकी आली होती. ठकू गेली." बाप तिथूनच मागे फिरला. आत गेला नाही. दोन दिवसांनी आमच्याकडे आला आणि खडीच्या ढिगावर बसून आईला तेवढेच दोन शब्द म्हणाला, "ठकू गेली." आईने विचारलेही नाही, कुठे पुरली. मिशन कोणते हे मलाही कधी कळले नाही. त्या दिवसांत कोणी विचारत नसे.

आणि मी! माझ्या हातात तिची गाठ तीस वेळा आली. बापाचे डोळे गेले होते, पण बोटे होती. एकदा, एकदा जरी तो दोरा मी त्याच्या बोटांत दिला असता, तर त्याने सांगितले असते, ही मंजुळेची नाही, हिला पीळ उलटा आहे. तो भिंतीला टेकून बसलेला असायचा, माझ्यापासून चार हातांवर. मी कापायचो आणि मंजुळेवर ओरडायचो. तो म्हणायचा, "लेकरा, किती बोलतोस त्या बिचारीला." मंजुळा खरे बोलत होती. तिला आता कुठे सांगू?

ठकू जिवंत आहे का? एवढे कळवा. भेट नको म्हणत असेल तर नको. कुठे आहे, अंगावर कपडा आहे ना, डोईवर छप्पर आहे ना, हे कळवा. मी अठ्ठावीस तारखेपर्यंत वाट पाहतो. नाही, तेवढ्यात टपाल यायचे नाही. मार्चच्या पाच तारखेपर्यंत पाहतो.

भिमाजी


बोरखेडी, ता. १८ मार्च १९५७

रा. भिमाजी परीट यांस
सलाम.

पटकी सुरू झाली तेव्हा लहान मुलींना बैलगाडीत घालून दुसऱ्या गावच्या बंगल्यात नेले होते. दीड महिन्याने परत आणले. पहारेकऱ्याने "गेली" सांगितले ते खरेच होते. तो गाडीबद्दल बोलत होता.

त्या मुलीला हे कळवले. ती जिवंत आहे. डोक्यावर छप्पर आहे, मिशनचे. लग्न केले नाही. ती फार बोलत नाही. दमली आहे. ह्या वयात नवे दुःख आणि नवा आनंद, दोन्ही सारखेच जड होतात. तुमचे पत्र तिने दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतले. बाप आला होता, ह्यावर तिचा विश्वास बसला. सोळा दिवस, हे खोटे बोलणारा माणूस लिहिणार नाही. त्याने चार लिहिले असते.

ती एकच गोष्ट विचारते. तुम्ही गाठ ओळखली नाही हे ती मानते. पण ओळखली असती तर? एकोणीसशे दहा साली, बारा साली, पंधरा साली. बहीण ख्रिस्ती झालेली. जातीची माणसे दाराशी. तर तुम्ही आला असता का? ह्याचे खरे उत्तर लिहा. गोड लिहू नका. गोड तिने आयुष्यभर प्रार्थनेनंतरच्या भाषणात ऐकले आहे.

तुमच्या दोन्ही लेस वेगळ्या पार्सलने परत पाठवते आहे.

शालन


पिंपरी, ता. २ एप्रिल १९५७

शालनबाई यांस
नमस्कार.

उशीर झाला. ह्या वेळी माफी मागत नाही, कारण उशीर खऱ्या उत्तराला लागला.

आधी "आलो असतो" असे लिहिले होते. पत्र चांगले दिसत होते. दुसऱ्या दिवशी वाचले आणि फाडले. मग "आलो नसतो" असे लिहिले. तेही खरे वाटेना. आता जे कळते ते लिहितो.

बाप असेतो आलो असतो, कारण तो माझ्यासाठी थांबलाच नसता. आंधळा होता तरी काठी घेऊन नगरच्या वाटेला लागला असता आणि मला मागून जावे लागले असते. पण बाप एकोणीसशे बारा साली गेला. त्यानंतर सगळे माझ्या एकट्यावर होते. मी भितो माणूस. जातीला भ्यायलो असतो. मड्डमला भ्यायलो असतो, की ती म्हणेल, तुझे मिशनात काय काम. बहुतेक मी असे केले असते : गाठ कापून खिशात ठेवली असती, कोणाला सांगितले नसते आणि पुढच्या लेसची वाट पाहिली असती. नवी गाठ आली की समजलो असतो, ठकू आहे. एवढेच माझ्याच्याने झाले असते. हे वाचून तिने तोंड फिरवले तर मी बोल लावणार नाही.

आता दुसरे. आम्ही संक्रांतीला नाही, पण गेल्या आठवड्यात क्वार्टरला आलो. जुन्या घरातले फडताळ रिकामे करताना मंजुळेची निळीची डबी निघाली. परटाच्या घरी दोरा फेकत नाहीत. कापलेल्या खुणा पुन्हा वापरायला डबीत टाकतात, म्हणून असली डबी असतेच. पण तिच्या डबीत तळाला एक चिंधी होती आणि चिंधीत वेगळे दोरे. बारीक, उलट्या पिळाचे. गाठी तशाच. दोन जवळ, तिसरी लांब. मी ओरडून कापायचो आणि खाली टाकायचो, ती उचलून ठेवायची. आपल्या नाहीत, पण कोणाच्या तरी आहेत, असे तिला वाटत असले पाहिजे. तिने मला कधी दाखवल्या नाहीत. दाखवल्या असत्या तर मी पुन्हा ओरडलो असतो.

मोजल्या. सव्वीस भरल्या. आपण तीस लिहिल्या होत्या. चार कमी आहेत. फडताळ पुन्हा झाडले, ट्रंक उपसली, सयाजीला जुन्या घरी पाठवून उंबऱ्याखालची माती चाळायला लावली. नाही मिळाल्या. त्या चार माझ्याकडून गेल्या. ते लिहिणे भाग आहे.

आपले पार्सल परवा आले. पांढऱ्या कापडात शिवलेले. सयाजी पहिल्या शिफ्टहून आला होता, दाढीचे पाते घेऊन उसवायला बसला. मी नुसता बघत होतो. शिलाईच्या शेवटी दोरा सोडलेला होता. त्याला गाठी होत्या. दोन जवळ, आणि तिसरी बोटभर लांब.

मी त्याचा हात धरला. इतका जोरात की तो म्हणाला, "बाबा, लागंल की पातं! काय झालं?" मी म्हणालो, कापू नको. पार्सल मांडीवर घेतले, दुसऱ्या टोकाकडून एकेक टाका नखाने उचकला. चार वाजले. सुमन चहा ठेवून गेली, तो थंड झाला. लेस बाहेर निघाल्या. ती गाठ कापडाला होती तशीच आहे.

बोरखेडीत परटाच्या किती मुली आहेत मला माहीत नाही. ज्या मुलीबद्दल आपण लिहिता तिचे पत्र दुसरे कोणी वाचून दाखवते, आणि आपल्यालाही डोळ्यांनी दिसत नाही. तिने लेस केली, आपणही केली. मी चौथी नापास आहे, पण गाठ वाचता येते. ह्या वेळी वाचली.

सुमनला सगळे सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मला भीती वाटली, आता काय म्हणते. ख्रिस्ती आहे, मिशनची आहे, इथे शेजारी नवे, नळ सगळ्यांचा एक. ती म्हणाली, "ट्रंकेला जागा न्हाई म्हनले मी. मानसाला न्हाई म्हनले का? आत्याबाईंस्नी खाटंवर झोपवू. डबे ऱ्हातील भाईर." मग म्हणाली, "पर त्यास्नी म्हनावं, झालरी आणखी आनू नका."

नगरहून एस. टी. शिवाजीनगरला येते. तिथून पिंपरीची लोकल. डोळ्यांनी दिसत नसेल तर सयाजी बोरखेडीला येईल, त्याची रजा शिल्लक आहे. मी आलो असतो, पण माझे गुडघे. नाही, येतो. गुडघ्यांचे बघू. भ्यायलो तरी येतो.

ठकू, सव्वीस दोरे ह्या पाकिटात घालत नाही. टपालाचा मला भरवसा नाही. तू ये आणि मोज. लवकर लिही. लिहायचे नसेल, शब्द सुचत नसतील, तर नुसता एक दोरा पाकिटात घालून पाठव, आमच्या घरचा. मी कात्री सुमनजवळ देऊन ठेवली आहे.

वाट पाहतो.
भिमा